लोखंड कमी निघालं

प्रिय लंबू,

रिपोर्टच्या पाकिटात या वेळी जास्तीचे कागद निघाले म्हणून दचकू नकोस. इंजिन ठणठणीत आहे. तू रिपोर्टची फक्त शेवटची ओळ वाचतोस आणि बाकीचं टेबलावर टाकून देतोस, हे मला ठाऊक आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकलं. आता खाली बस आणि हे पूर्ण वाच. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच काहीतरी विनोद करतोस, मी हसत सुटते आणि बोलायचं ते राहूनच जातं.

तुझी बाटली आली की आमच्या लॅबमध्ये अजून चेष्टा होते. शेजारच्या टेबलावरची म्हणते, "आलं बघ तुझ्या भावाचं रक्त तपासायला." ही टूम काढलीस तूच. नवी गाडी घेतलीस तेव्हा म्हणालास, "ताई, तू परक्यांच्या ट्रकचं ऑइल तपासत बसतेस, माझ्या गाडीनं काय पाप केलंय?" तेव्हापासून ऑइल बदललंस, की काढलेल्या जुन्या ऑइलची एक छोटी बाटली आणि लेबलवर तुझ्या त्या लंगड्या अक्षरात, ते ऑइल किती किलोमीटर चाललं त्याचा आकडा. पहिल्या बाटलीचं झाकण तू धड लावलं नव्हतंस. आमच्या साहेबांच्या टेबलावर तो काळा डाग अजून आहे, आणि नवीन माणूस आला की साहेब त्याला तुझी ओळख त्या डागावरूनच करून देतात.

तुझ्या मेकॅनिकला वाटतं मी जादू करते. जादू कसली? इंजिन चाललं की आतले भाग एकमेकांवर घासतात आणि त्यांचा डोळ्यांना न दिसणारा चुरा ऑइलमध्ये उतरतो. आम्ही तो मोजतो. लोखंड वाढलं, तर सिलिंडर झिजतोय. तांबं वाढलं, तर बेअरिंग. मागे एकदा तुझ्या ऑइलमध्ये धूळ सापडली होती, आठवतं? एअर फिल्टर बघा म्हणून मी सांगितलं आणि तो खरंच एका बाजूनं फाटलेला निघाला. "तुमच्या बहिणीला तिथे बसून इथलं दिसतं की काय?" असं तुझा मेकॅनिक म्हणाला होता.

तर, थोडंफार दिसतं.

तुझी नोकरी म्हणजे गावोगाव फिरून पंप विकायचे. तुझं ऑइल मी लेबल न बघताही ओळखलं असतं. लांबचा पल्ला, चांगलं तापलेलं इंजिन, एका चालीनं जाणारी गाडी. लोखंड दर वेळी थोडं इकडेतिकडे. या वेळी ते कमी निघालं. निम्म्याहूनही कमी. सगळी माणसं आकडा वाढला की घाबरतात, मी कमी झाला म्हणून घाबरले. माझीच काहीतरी चूक झाली असेल म्हणून सॅम्पल पुन्हा लावलं. पुन्हा तेच. शिवाय ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं, ते पातळ झालेलं, आणि काजळी भरपूर. डिझेल आत सोडणारा इंजेक्टर गळतोय म्हणावं, तर पातळ ऑइलमुळे झीज वाढायला हवी होती. ती तर कमी. असं ऑइल मी पूर्वी पाहिलंय. साहेब मीटिंगमध्ये असतात आणि खाली ड्रायव्हर एसी लावून वाट बघत बसलेला असतो ना, त्या गाड्यांचं असतं. इंजिन चालू, पण ओढायला ओझं नाही म्हणून झीज कमी, चाकं जागच्या जागी.

लेबलवर मात्र तू नेहमीचाच आकडा लिहिला होतास.

गाडी तेवढी चाललेली नाही, लंबू. ती कुठेतरी उभी असते आणि तू आत बसलेला असतोस. परवाच फोनवर तू मला डोंगरापलीकडच्या कारखान्यातल्या त्या तोतऱ्या मॅनेजरची नक्कल करून दाखवलीस. मी पोट धरून हसले. आता वाटतं, ती गोष्ट जुनी असणार. नोकरी कधी गेली आणि कशी, हे मी विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा सांग. पण इस्त्रीचा शर्ट घालून निघालेला तू, एवढाले पाय त्या स्टीअरिंगखाली दुमडून दिवसभर बसलायस, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि एक दम भरून ठेवते, मोठी आहे म्हणून. काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपत जाऊ नकोस. त्या धुराचा सगळाच भाग नाकाला कळत नाही.

आणखी एक मनात आलं. बाटली न पाठवणं तुला किती सोपं होतं. "विसरलो गं" म्हटलं असतंस, तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. ऑइलमधून मी काय काय वाचते, हे तुझ्याइतकं माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तरी पाठवलीस. कुणीतरी ओळखावं, पण आपल्याला तोंड उघडावं लागू नये, असंच तुला वाटत असणार. तर घे, ओळखलं.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, गाडीत बसून सरळ तुझ्याकडे आले असते. लिहितेय ते तुझ्या बायकोसाठी. रिपोर्ट हातात आल्यावर राहवेना, म्हणून सहज चौकशी केल्यासारखा मी तिला फोन केला. मी काही विचारायच्या आतच ती रडायला लागली. तिला माहीत आहे, लंबू. बाजारातून येताना तलावामागच्या रस्त्यावर तिला आपली गाडी दिसली. तू सीट मागे टाकून झोपला होतास. तिनं काचेवर टकटक करायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. म्हणाली, "ताई, इतका थकलेला दिसत होता, की उठवावंसं वाटलं नाही." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती तुला विचारते, आज कुठवर गेला होतास, आणि तू सांगतोस ते सगळं ऐकून घेते. "त्याला वाटतं तो मला सांभाळतोय, आणि मला वाटतं मी त्याला. आता दोघांनाही घरात नीट श्वास घेता येत नाही," असं म्हणाली. तुला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिनं मला घातली होती. ती मी मोडतेय, कारण ती स्वतःहून कधीच विचारणार नाही. तुझा मान जाईल, ही तिला भीती आहे. तेव्हा सुरुवात तुलाच करायला हवी. फार काही बोलू नकोस, ते तुला जमायचंही नाही. उद्या सकाळी ती डबा भरायला घेईल, तेव्हा बूट घालू नकोस. स्वयंपाकघरात जाऊन तिच्याजवळ बस आणि म्हण, "डबा राहू दे. आज मी घरीच जेवतो."

तुझीच,
ताई