गारठलेली तिघं

११ फेब्रुवारी
क्लिनिकातून फोन! "तुमचे तीन गर्भ आमच्याकडे सोळा वर्षं गोठवून ठेवलेत. काय करायचं?" बाईचा आवाज असा, जणू इस्त्रीचे कपडे न्यायचे राहिलेत. मूल होत नव्हतं म्हणून तेव्हा प्रयोगशाळेत चार तयार केले होते. चौथी म्हणजे आमची मुलगी, सध्या आतल्या खोलीत दार आपटतेय. उरलेल्यांना आम्ही गारठोबा म्हणतो.

पर्याय: आणखी ठेवा, टाकून द्या, संशोधनाला द्या.

१२ फेब्रुवारी
नवरा म्हणतो, "बघू." बघू म्हणजे नाही. लग्नानंतर पहिलं भाषांतर शिकले ते हेच.

२० फेब्रुवारी
संशोधनवाल्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. गर्भातल्या पेशी अजून कशाच्याच झालेल्या नसतात, म्हणून कशाच्याही होऊ शकतात — मेंदूच्या, हृदयाच्या. त्यांना स्टेम सेल म्हणायचं. पण त्या काढल्या की गर्भ संपला. बाईंनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं.

सासूबाईंना कंपवात. म्हणून विचारलं, त्यांना उपयोग होईल?

"नाही. त्यांच्या पिढीला बहुतेक नाहीच."

इतकं खरं बोलून हिचं कसं व्हायचं! आमच्या कोपऱ्यावरच्या झगमगीत दवाखान्यात गुडघ्यापासून टकलापर्यंत सगळ्याला एकच स्टेम सेलचं इंजेक्शन. तिथे खुर्ची मिळत नाही.

२१ फेब्रुवारी
नवरा: "ती आपली मुलं आहेत."

मी: "मुलांना कुणी सोळा वर्षं फ्रीजमध्ये ठेवतं का?"

तो ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला.

माझं मत पक्कं — संशोधनाला द्यावेत. सुईच्या टोकाएवढा ऐवज, त्याचा कसला शोक! तरी क्लिनिकातल्या बाईशी बोलताना "टाकून द्या" हे तोंडातून निघेना. हे इथेच राहू दे. पेपरातल्या माझ्या सदरात लिहायचं नाही.

२ मार्च
सासूबाईंना कळलं. या घरात गुपित टिकेल अशी भिंतच नाही. कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी निम्मा चहा बशीत.

"माझ्यापायी काही देऊ नका हं." मग जरा वेळाने — "पण टाकणारच असाल तर द्या बाई. कुणाचे तरी हात थांबतील."

मुलगी म्हणाली, "चौघांतून माझा नंबर लागला, नशीब! नाहीतर मी बसले असते कुडकुडत."

"तू? तू तिथेही दार आपटलं असतंस!" आजी म्हणाली. दोघी खो खो हसल्या. नवरा उठून बाल्कनीत गेला.

९ मार्च
सह्या झाल्या. त्याच्या आईने सांगितल्यावर नवऱ्याचं "बघू" संपलं.

फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न — पेशींमध्ये तुमच्या घराण्याविषयी काही आढळलं, तर कळवायचं का?

नवरा म्हणाला, "नको. दिलं ते दिलं."

मी म्हटलं, कळवा की! लेखाला विषय मिळेल.

"नक्की ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कळल्यावर न कळल्यासारखं करता येत नाही."

"अहो, मी लग्न झाल्यापासून तेच करतेय."

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान डोलावली. मला विरोध करायचा त्याला हल्ली कंटाळा येतो.

३० एप्रिल
गारठोब्यांचा विषय घरात बंद. इथे कुणी शिंकलं तरी चर्चा होते — यावर नाही.

१७ सप्टेंबर
डॉक्टरीणबाईंचा फोन. तिघांतल्या एकाच्या पेशी छान वाढताहेत. आवाजात आनंद. मग आवाज खाली आला. त्या पेशींत एक जनुकीय दोष सापडलाय — ज्याने कंपवात होऊ शकतो, तो. म्हणूनच संशोधनाला फार मोलाच्या. "सासूबाईंकडून तुमच्या मिस्टरांत आलेला असणार. आणि मुलीत... असेल किंवा नसेल. निम्मी शक्यता. तिला सांगायचं का, ते तुम्ही ठरवा."

आतून मुलगी ओरडली, "आई, कुणाचा गं फोन?"

राँग नंबर, म्हटलं.