आधी मी, मग तुम्ही

सोमवार, ३
लागले बाई एकदाची नोकरीला! तोंडाचा पट्टा जरा आवर, आईने बजावलं होतं. पण या वॉर्डात बडबड्या माणसाचीच गरज आहे. पक्षाघातातून उठलेल्यांचा हात कितपत चालतो, ते मी तपासायचं. ठोकळा उचला, पेला धरा, बटण लावा. दरवेळी आधी मी करून दाखवायचं, मग त्यांनी.

बुधवार, ५
टेलरकाकांचा उजवा हात म्हणजे ओंडका. काकू तो मांडीवर घेऊन बसतात. मी ठोकळा उचलून दाखवला. काका माझ्या हाताकडे पापणी न हलवता बघत राहिले, आणि उचलला की! काकूंना रडू आवरेना. मी तर हवेतच. संध्याकाळी हातातून चहाचा कप निसटला. धांदरट मेली.

सोमवार, १०
काकांनी पेला धरला. मोठ्या मॅडमनी माझी पाठ थोपटली. घरी मला चमचा धरवेना, हे पेनही कसंबसं मुठीत धरलंय. दमली असशील, आई म्हणाली.

बुधवार, १२
बटण दाखवलं. काकांनी अख्ख्या शर्टाची बटणं लावली. घरी आल्यावर माझी बटणं आईने लावली, लहानपणी लावायची तशी. मॅडमना फोन करून सांगितलं, तर म्हणे मनाचे खेळ आहेत. मला भीती वाटतेय.

शुक्रवार, १४
आज खांदा. मी हात पाठीमागे लपवला, नुसतं तोंडाने सांगितलं. बघते तर काकांनीही डोळे गच्च मिटलेले. त्यांनाही कळलंय! काकू रडकुंडीला आल्या. "अहो, बघा ना. पोरी, दाखव गं, एकदाच."
नाही म्हणवलं नाही. दाखवलं. काकांनी डोळे उघडले.

सोमवार, १७
डाव्या हाताने लिहितेय. उजवा आहे — नुसता आहे. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. आपल्याच वॉर्डात खाट. काका घरी गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

गुरुवार, २०
माझ्या जागी नवी मुलगी. हसरी. खूप बोलते. आधी मी, मग तुम्ही, म्हणाली —
बघणार नाही. म्हणून तर वहीत डोकं घातलंय. ती ठोकळा उचलतेय, आवाज येतोय. आईने माझा हात मांडीवर घेतलाय.
"बघ ना गं. एकदाच."
नाही. आई रडतेय. हनुवटी धरून तोंड वर — नको ना आई —
करंगळी हल