बिघाड सापडला नाही

प्रिय शहाणे,

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून कागदावर लिहितोय. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण पूर्ण वाचून फाड. अर्ध्यात सोडायची सवय माझी आहे, तुझी नाही.

तू शिकतेस तिकडे गेल्या महिन्यापासून तुला तुझ्या बाबांची मेल येत नाही आणि तुझी आई फोनवर सांगते की माउस बिघडलाय. तो माउस माझ्याकडेच दुरुस्तीला आला होता. हसू नकोस. कॉलेज सोडलं म्हणून मी घरी लोळत पडलेलो नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे लागलोय. मालकांनी मला गिऱ्हाइकाशी बोलायला बंदी केलीय, कारण पहिल्याच आठवड्यात मी एका वकिलाला विचारलं होतं की कीबोर्डवर चहा तुम्ही सांडला नाही, तर मग तो आतून उगवला का.

काकू दुकानात आल्या, मला पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून मालकांना म्हणाल्या, क्लिक होत नाही हो, यांचं बोलणंच बंद पडलंय. मालकांना काही कळलं नाही. मला कळलं. काकांचा आवाज गेल्यापासून त्यांचं सगळं बोलणं त्या एका बटणावर चालतं. पडद्यावर अक्षरं, त्यांच्यावरून आपोआप सरकत जाणारी पिवळी चौकट, आणि हवं त्या अक्षरावर ती आली की तर्जनीनं दाबायचं. तूच बसवून दिलंस ते सगळं. तू ते बसवत होतीस तेव्हा मी खाली जिन्यात बसलो होतो, कारण मी त्या घरात चालत नव्हतो.

आता मी काय काय केलं ते ऐक. बॅटरी बदलली. बिनवायरीच्या माउसचं कॉम्प्युटरला जोडायचं ते छोटं टोक पुसून दुसऱ्या खाचेत लावलं. डावं बटण चुकून उजवं तर झालं नाही ना, तेही पाहिलं. माउस खोलून बटणाखालची धूळ काढली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. सगळीकडे तो आज्ञाधारक मुलासारखा टकटक वाजत राहिला. मालकांनी वर चिठ्ठी चिकटवली, ‘बिघाड सापडला नाही’, आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा हजर. मालक मला हळूच म्हणाले, काही गिऱ्हाइकांना येण्याजाण्याचाच छंद असतो. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ती बाई खोटं बोलत नाही. ते म्हणाले, मग जा तिच्या घरी आणि बघून ये, पण तिथे भांडलास तर परत इकडे फिरकू नकोस.

गेलो. तुमच्या घरात पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आलो, तेही पिशवीभर माउस घेऊन. काकांचा पलंग आता खिडकीशी हलवलाय आणि माउस बाजूच्या फळीवर चिकटपट्टीनं बसवलाय. मी दाबला, वाजला. त्यांनी दाबला, नाही. पिशवीतला दुसरा लावला, तेच. तिसरा, तेच. डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता, पण मी आपला माउस बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसलो. काकू दारातून म्हणाल्या, तोंड चालवू नकोस, हात चालव.

म्हणून तोंड बंद केलं आणि त्यांच्या बोटाकडे पाहिलं. बोट खाली जात होतं. हाताच्या पाठीवरची शीर वर येत होती, नख पांढरं पडत होतं, बटण अर्ध्यापर्यंत दबत होतं आणि तिथेच थांबत होतं. आवाज नाही. कपाळावर घाम. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारा मुलगा असतो ना, तसं. त्यांना आधीपासून माहीत होतं.

मी काकूंकडे वळलो. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, माउसच खराब आहे, तू तोच नीट करून दे. तू मला ओळखतेस. मनात आलेलं मी कधी गिळलेलं नाही. त्या दिवशी गिळलं. म्हटलं, हो काकू, माउसच.

बटणाखाली एक इवलीशी डबी असते आणि तिच्यात तांब्याची वाकडी पट्टी, नखाच्या कडेएवढी. क्लिकला जोर लागतो तो तिच्यामुळे. ती थोडी सैल केली की बटण हलकं होतं. सांगायला सोपं आहे. पहिली पट्टी चिमट्यातून उडाली ती कपाटाखाली गेली, अजून तिथेच असेल. दुसरी मोडली. तिसरी इतकी सैल झाली की काकांचं बोट नुसतं टेकलं तरी क्लिक. पडद्यावर ‘अअअअअअ’ सुरू झालं, डॉक्टरपुढे तोंड उघडल्यासारखं. काका डोळ्यांनी हसत होते. मी मात्र रडकुंडीला आलो होतो. दुकानात परतलो तर मालक म्हणाले, सोड रे, नवा घ्या म्हणावं. मी म्हटलं, सोडायचं ते एकदा सोडून झालंय, आता नाही. त्यांनी भंगारातल्या माउसचा खोका पायानं माझ्याकडे सरकवला.

आणि त्या खोक्यातल्या एका पट्टीनं जमलं. काकांचं बोट खाली गेलं आणि टक वाजलं. मग पुन्हा टक. आता माझे आभार मानणार म्हणून मी ताठ बसलो. बऱ्याच वेळानं पडद्यावर उमटलं, ‘केस काप.’ काकू हसत सुटल्या, मग स्वयंपाकघरात गेल्या, आणि आतून नळ चालू असल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

त्या परत यायच्या आधी काकांनी दुसरं वाक्य लिहिलं. ‘तिला सांगू नकोस.’ मी तोंडावर म्हटलं, सांगणार. त्यांनी डोळे मिटून घेतले. खोलीतून उठून जायची त्यांची आता तेवढीच पद्धत उरलीय. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. म्हटलं, काका, ती तिकडे एका माउसवर चिडून बसलीय. खरं कळेल तेव्हा तुमच्यावर चिडेल, आणि तेव्हा तिचं ऐकून घ्यायला तुम्ही असायला हवं. काकू मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता मला हाकलणार. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, त्यांना लिहू दे. सगळी दुपार गेली त्यात.

तर शहाणे, माउस कधीच बिघडला नव्हता. आवाज गेला, तसं आता काकांचं बोट जातंय. मी केलेलं बटण अजून काही दिवस पुरेल. नंतर गालानं दाबायचं बटण करीन, त्याची जुळवाजुळव सुरू केलीय. गाल दमला तर भुवईसाठी करीन. त्यांच्या अंगातलं काहीही हलत असेपर्यंत मी त्याच्यापुढे बटण आणून ठेवीन, हे मी ठरवलंय आणि कुणाला विचारलेलं नाही. तुझं काम एवढंच की तू ये. सुट्टी लागण्याची वाट बघू नकोस. पण त्या दुपारी त्यांनी जे लिहिलं, ते जसंच्या तसं देतो: ‘सांग. पण शिक्षण टाकून आली तर दार उघडणार नाही.’ त्यांना दार उघडता येत नाही हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे, पण धमकी खरी आहे. मी वर्षभर एकच गोष्ट मागत होतो, की तू कशीही परत ये आणि इथेच राहा. आज तोच मी सांगतोय, निघताना परतीचं तिकीट काढूनच नीघ. तू परत जाशील तेव्हा तुला पोचवायला मी येईन, हवा असलो तर.

तुझाच,
माचिस