लाँड्रीत धुतलेलं बी

२ मार्च, सकाळ

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझा गुडघा आता फार कुरकुरत नसेल, अशी आशा आहे. इथे थंडी सरत आली. वाफ्यातली माती मुठीत दाबली तरी आता गोळा होत नाही, भुरभुर सुटते. म्हणजे पेरायला हरकत नाही, हे तूच शिकवलेलं. लसूण छान वर आलाय. तुझी खुरपी मी वापरते, रागावू नकोस.

पत्र बियांबद्दल आहे. निदान सुरुवात तरी तिथून करते.

तू घर सोडून गेल्यावर तुझ्या बरण्या फडताळात तशाच होत्या. टोमॅटो, वांगी, घेवडा, काकडी, सगळं बी तू राख चोळून ठेवलेलं. गेल्या महिन्यात दादाला गल्लीत बियाणं वाटायची हुक्की आली. बरणी उघडून त्याने नाक मुरडलं. "असलं मळकट द्यायचं लोकांना? तेही लाँड्रीवाल्याच्या घरून?" मोजे धुवायच्या जाळीच्या पिशव्यांत त्याने सगळं बी भरलं, हॉटेलच्या चादरींबरोबर उकळत्या पाण्यातून काढलं आणि वर ड्रायरमध्ये खडखडवलं. मी दुकानात पोचले तेव्हा बी चकचकीत झालं होतं आणि त्याला साबणाचा वास येत होता. 'आमच्या बागेतलं' म्हणून पुड्या वाटूनही झाल्या होत्या. "दादा, तुमच्या हाताला गुण आहे हो!" असं लोक म्हणत होते आणि तो लाजत होता. लाजत होता, वहिनी! ज्याने जन्मात वाफ्यात पाय घातला नाही, तो.

उरलेलं चिमूटभर बी मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. आठवड्याने उलगडलं, तर एकालाही मोड नाही. फुगून फुटलेले, शेंबडासारखे बुळबुळीत दाणे फडक्याला चिकटलेले. हात कितीदा धुतले, वास जात नाही.

दादाला ते फडकं दाखवलं. म्हटलं, "लोकांना सांगून टाकू या. बिचारे रोज कुंड्यांना पाणी घालताहेत."

तो जेवत होता. बोटं चाटत म्हणाला, "कशाला? नाही उगवलं तर माती वांझ म्हणायची. बी चांगलंच होतं."

मी तिथून उठले आणि मोरीत जाऊन ओकले.

हे वाक्य तू या घरात वर्षानुवर्षं ऐकलंस. पाहुण्यांसमोर, हसत हसत म्हटलेलं. डॉक्टरांनी दोष कोणात सांगितला होता ते तुम्हा दोघांनाच ठाऊक होतं. जायच्या आदल्या दिवशी तू मला सांगितलंस, तेव्हा मला त्याचा राग आला होता. राग ओसरतो, मी त्याला पोळ्या करून वाढतच राहिले. या वेळी मात्र किळस आली. त्याचं उष्टं ताटही उचलवेना.

काल समोरची शिंपीणबाई कुंडी घेऊन दारात आली. "ताई, बघा ना, काहीच येत नाही. आमचे हे म्हणतात, तुझ्या हातालाच यश नाही."

दादा माझ्या मागे उभा. "माती बदलून बघा, बाई," म्हणाला. अगदी मायेने.

मी म्हणाले, "तुमच्या हाताला काही झालेलं नाही. बी मेलेलं होतं, यानेच उकळलं. आणि या घरात आधीही दोष मातीचा नव्हता."

बाई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. तिला कळलं. एव्हाना गल्लीलाही कळलं असेल.

दादा ओरडला नाही. दार लावलं आणि इतकंच म्हणाला, "महिनाअखेर तुझं सामान हलव. घर माझं आहे."

इतका वेळ गुडघा आणि लसूण करत होते ते यासाठी. मला जायला जागा नाही, वहिनी. तुझ्याकडे काही दिवस येऊ का? तुझ्या बियांतलं काही उरलं नाही, त्यामुळे रिकाम्या हातांनीच येईन. दया म्हणून हो म्हणू नकोस. माझं नाक त्याचं, हसणंही त्याचंच, असं सगळे म्हणतात. ते तोंड रोज समोर चालणार असेल, तरच बोलाव. नाही म्हणालीस तर मला समजेल.

तू ठेवशील त्या नात्याने,
तुझी