रिकाम्या क्वार्टरमधली माणसं

बाबा,

आज आपल्या क्वार्टरवर जाऊन आले. रांग तशीच उभी आहे, पण राहत तिथे कुणी नाही. दारं-खिडक्या कुणीतरी काढून नेल्या आहेत, अंगणात घाणेरीची झुडपं माजली आहेत, छत मात्र शाबूत आहे. सगळा घोळ त्या छतानं घातलाय. आमच्या ऑफिसच्या नकाशात आपल्या रांगेत आजही माणसं राहताहेत, आणि ही चूक आहे असं कळवायचं काम माझ्याकडे आलंय. भोपाळमधल्या बाकीच्या चुका मी केव्हाच पाठवून दिल्या. ही एक पाठवायला हात धजत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि असलं काही काम जगात असतं हे मलाही माहीत नव्हतं. नागपूरच्या आत्याला समजावताना नाकी नऊ आले. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तू जनगणनेत आहेस, असं सांग ना सरळ." तसं नाही हो. सगळ्या पृथ्वीचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात साधारण किती माणसं राहत असतील ते मांडायचं, असा एक नकाशा आम्ही करतो. जनगणनेतून आख्ख्या शहराचा आकडा मिळतो, आकाशातून घेतलेल्या फोटोंत छपरं दिसतात. मग त्या आकड्यातली माणसं त्या छपरांखाली वाटून टाकायची. हा नकाशा जगात कुणालाही फुकट मिळतो, आणि फुकट मिळतो म्हणूनच तो कोण नेतं, कशासाठी नेतं, याचा पत्ता लागत नाही. तो पत्ता लावणं हे माझं काम. ज्यांनी नेला त्यांना मी फोन करते आणि विचारते, कशाला हवा होता? तुम्ही आता हसत असाल. तुम्ही तरी जन्मभर दुसरं काय केलंत?

गोविंदपुऱ्याच्या कारखान्यातली तुमची, कामगारांना हत्यारं काढून द्यायची स्टोअरची खिडकी मी एकदाच पाहिली, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, घरच्यांना आत सोडायचे तेव्हा. मशीनांना झेंडूच्या माळा घातल्या आहेत, सगळीकडे तेलाचा आणि उदबत्तीचा वास आहे, माझ्या हातात बुंदीचा द्रोण आहे, आणि एक दांडगा फिटर माझ्यासमोर वाकून म्हणतो, "बिटिया, तेरे पापा से हथौड़ी मांगो तो पूछते हैं, किसको मारना है." सगळे हसतात. तुम्हीही हसता, पण लगेच त्याला म्हणता, "पिछले हफ्ते तूने क्या मांगा था, और मैंने क्या दिया, वो भी बता बच्ची को." तो कान पकडतो. त्यानं मागितलं होतं एक आणि त्याला लागत होतं दुसरं, एवढं मला कळलं. काय ते मात्र कळलं नाही, आणि नंतर विचारायचंही राहून गेलं. ते आता कुणाला विचारू?

घरात तुमच्या या सवयीचा आम्हाला वैताग यायचा. छत्री मागितली तर "कशाला?", चार आणे मागितले तर "कशाला?" रविवारी सकाळी आई पोहे करत असायची, कांदा नुकताच गुलाबी झालेला असायचा, तुम्ही बाहेरून शेव घेऊन यायचात आणि दारातूनच विचारायचात, "आज पोहे कशाला केले?" आई मागे वळूनसुद्धा बघायची नाही. "खायला," म्हणायची. "आणि ही स्टोअरची खिडकी नाही, स्वयंपाकघर आहे." मग तुम्ही निमूट पाटावर बसायचात आणि दोनदा मागून घ्यायचात.

पण एकदा तुम्ही मला रागावलात ते मी विसरले नाही. मी फाटकाशी उभी होते. स्कूटरवरून एक माणूस आला, मागे त्याची बायको बसली होती, तोंडाला पदर लावून. त्यानं बसस्टॉप कुठे म्हणून विचारलं, मी हात लांब करून चोख रस्ता सांगितला आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. तुम्ही आतून आलात, त्याला थांबवलंत, विचारलंत, बसस्टॉप कशाला? बायकोला उलट्या होत होत्या, तिला बसनं मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. आपल्या रांगेच्या मागच्या गल्लीतच दवाखाना होता. तुम्ही चपला न घालता त्यांना पोहोचवायला गेलात आणि परत आल्यावर मला म्हणालात, "त्यानं विचारलं तेवढंच तू सांगितलंस. त्याला काय पाहिजे ते विचारलं असतंस तर?" आवाज चढलेला नव्हता, तरी मी संध्याकाळपर्यंत फाटकाशी गेले नाही. आज मला त्याच प्रश्नाचा पगार मिळतो.

आणि लोक काय काय सांगतात. आधी सगळे एकच शब्द सांगतात: "संशोधन." तो ऐकला की मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारते, तिकडे पाऊस आहे का विचारते. मग हळूहळू खरं बाहेर येतं. सागरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सच बताऊं दीदी? हमारे सर को थीसिस में रंगीन नक्शा अच्छा लगता है." इंदूरच्या एकाला आइस्क्रीमचं दुसरं दुकान काढायचं होतं, भावाच्या दुकानापासून पुरेसं लांब, कारण भावाशी पटत नव्हतं. आफ्रिकेतल्या एका बाईंना लसीच्या बर्फाच्या पेट्या कुठल्या वाडीला किती पाठवायच्या ते ठरवायचं होतं. पेटी कमी पडली तर आया दिवसभर चालत येऊन हात हलवत परत जातात, असं त्या म्हणाल्या. आणि एक म्हातारे गृहस्थ होते, परदेशात स्थायिक झालेले, डोंगरातलं गाव फार पूर्वी सोडून आलेले. दरवर्षी नवा नकाशा आला की ते गावाचा चौकोन उघडून बघतात. आकडा कमी कमी होत चाललाय. "पण अजून शून्य नाही ना?" त्यांनी मला विचारलं. तो अंदाजच असतो, छपरं बघून काढलेला, हे मी त्यांना अगदी शेवटी सांगितलं.

मग मागच्या महिन्यात फोन आला तो इथलाच, भोपाळचा. लहान मुलांच्या लसीकरणासाठी घरोघर माणसं पाठवणाऱ्या एका संस्थेतली बाई. मी विचारायच्या आधीच तिनं मला धारेवर धरलं. "मैडम, आपके नक्शे पे भरोसा करके करोंद में दो लड़कियां भेजीं मैंने. पहुंचीं तो अनाज के गोदाम निकले. अब गेहूं की बोरी को ड्रॉप पिलाएं क्या?" मी कपाळाला हात लावला. मंडीजवळची ती लांबरुंद पत्र्याची छपरं आमच्या फोटो वाचणाऱ्या मशीनला वस्तीसारखी दिसली, आणि त्यानं तिथे शेकडो माणसं नेऊन ठेवली. मी माफी मागितली. ती जरा निवळली आणि म्हणाली, "गोविंदपुरा में भी देख लेना. फैक्टरी वाले पुराने क्वार्टर खाली पड़े हैं, वहां भी आप लोग बसे हुए दिखाते हो. और उधर कोलार में नई कॉलोनियां बन गईं, वहां गिनती कम आती है तो टीम भी कम मिलती है. बच्चे छूट जाते हैं."

आप लोग बसे हुए दिखाते हो. तिला काय माहीत ती कुणाच्या घराबद्दल बोलतेय. चूक कळवण्याआधी जागेवर जाऊन खात्री करायची असा आमचा नियम आहे, म्हणून गेले. चौकीदार म्हणाला, "यहां कोई नहीं रहता मैडम, सांप रहते हैं." तरी आत शिरले. स्वयंपाकघरात भिंतीवर फळ्यांचे फिकट पट्टे अजून दिसतात, आईचे डबे असायचे तिथे. तुमची खुर्ची असायची तो कोपरा फार लहान वाटला. तिथे उभी असताना मला तुमची इतकी आठवण आली की मोबाइलवर फोटो काढायचे होते तेही सुचेना. मनात आलं, मला कुणी विचारलं की इथे कोण राहतं, तर आजही मी आपलंच नाव सांगेन. त्या मशीनचंही तसंच झालंय. मग ते एकटंच चुकतंय असं कशाला म्हणायचं?

घरी येऊन आईला सांगितलं. आई आता माझ्याकडे असते, गुडघे दुखतात, बाकी जीभ तशीच आहे. ती पालक निवडत होती. म्हणाली, "नकाशात राहिली माणसं तर राहू दे की. कुणाचं काय अडतंय?" मी म्हटलं, अडतंय, कोलारच्या मुलांचं अडतंय. तिनं पालकाची पुढची जुडी सोडली. म्हणाली, "त्यांना कोलार आवडलं नव्हतं." मला एकदम तो दिवस आठवला. तुम्ही आम्हाला दोघींना स्कूटरवर घेऊन कोलारला प्लॉट बघायला आला होतात. धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंनी शेतं, दूर कुठेतरी एक अर्धवट बांधकाम. दलाल हातवारे करून बाजार कुठे होणार, शाळा कुठे होणार ते दाखवत होता. तुम्ही टाचेनं ढेकूळ फोडलंत आणि म्हणालात, "इतक्या लांब कोण येणार राहायला?" परतीच्या वाटेवर आई फुरंगटून बसली होती. पुढे तुम्ही गेलात, क्वार्टर सोडावं लागलं, आणि इतक्या लांब आम्हीच आलो राहायला. याच रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. आता खाली एवढी रहदारी असते की आईला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही. तुम्ही हे घर पाहिलं नाहीत. किती तरी वर्षं झाली तरी घरात काही नवं आणलं की मला तेच पहिल्यांदा जाणवतं. फ्रिज आणला तेव्हाही जाणवलं.

इथवर लिहून हे पत्र दोन दिवस तसंच पडून होतं. काल मीटिंगमध्ये आमच्या वरिष्ठांनी विचारलं, "गोविंदपुरा अभी तक पेंडिंग क्यों है?" मी म्हटलं, आज भेजती हूं. मग जागेवर येऊन बसले आणि त्या रांगेवर खूण करताना एक गोष्ट लक्षात आली. ती मला कामाच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण कधी अशी समोर येऊन उभी राहिली नव्हती. शहराचा एकूण आकडा आम्ही बदलत नाही. एका छपराखालची माणसं काढली तर ती पुसली जात नाहीत, शहरातल्या दुसऱ्या छपरांवर वाटली जातात. जिथे नवी घरं दिसतात तिथे जास्त. म्हणजे आपल्या रांगेतली माणसं उठून बहुतेक कोलारलाच यायची. एक एक माणूस नाही, तुकडे पडतात, दशांश चिन्हापुढचे बारीक तुकडे, प्रत्येक छपराच्या वाट्याला थोडा थोडा.

तुम्ही त्या आकड्यात नाही, हे मला समजतं. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटलाय, आणि मशीनला फक्त छप्पर दिसतं, त्याखाली कोण होतं ते नाही. तरी मी ती दुरुस्ती पाठवली. कारणाच्या जागी कोलारच्या मुलांबद्दल लिहिलं आणि ते खरंच आहे, त्या बाईला मी फोन करून सांगितलंसुद्धा. पण तुम्ही खिडकीतून "कशाला?" असं विचारलंच असतंत, म्हणून तुम्हाला सांगते. नवा नकाशा आला की आमच्या इमारतीचा आकडा थोडासा वाढलेला असेल, आणि त्या वाढलेल्या तुकड्याला मी बाबा म्हणणार आहे.