उषाच्या पोटात नसलेले खडे

ती. प्रमिलाअक्कास, नवागामहून धाकट्या सुकदेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींची साखर आणि गोठ्यातली नवी गाय, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. आम्हीही ठीक आहोत (पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, खरं काय ते खाली आहेच). फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा फोन कायम स्पीकरवर, अन् तुझ्याशी बोललं की सगळी गल्ली हुंकार देते. म्हणून ट्रॅव्हल्सवाल्या लोटूच्या हाती पाकीट पाठवतोय. एकटी असशील तेव्हा वाच, आणि खाली बसून वाच.

अक्का, उषाचं मी तुला दोन वर्षं खोटं सांगितलं. कामाचा शीण आहे म्हणालो. पोरीला, नूतनला सासरी पाठवली तेव्हापासून ती गप्पच झाली. भाजी फोडणीला टाकायची आणि नुसती बघत उभी राहायची, घरभर धूर झाला तरी. मी तिला आळशी म्हणालो, नाटकं करते म्हणालो, एकदा तर माहेरी सोडून येतो म्हणालो (लाज वाटते गं लिहायला). तीन डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, फरक शून्य. शेवटी उधन्याकडे मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी तिला सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? मी म्हणणारच होतो, छे हो, आमच्यात असलं काही नसतं. तेवढ्यात ती म्हणाली, "रोज वाटतं. सकाळी पाणी भरताना जास्त." पाणी भरताना, अक्का! तेव्हा मी तिथेच हातभर अंतरावर दात घासत उभा असतो. चोवीस मागांच्या खडखडाटात एक धागा तुटला तर मला कळतं, म्हणून बमरोलीच्या कापड कारखान्यात मास्तर म्हणून मिरवतो मी. आणि सव्वीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या बाईचं मला काही कळलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केटामाईन देऊन बघू. भुलीचं औषध, पण थोडंसंच, सलाईनमधून चाळीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, असं सहा वेळा. मी मूर्खासारखं लोटूला विचारलं. त्याचा साडू जनावरांच्या दवाखान्यात कामाला. तो म्हणाला, हे तर आम्ही कुत्र्याला टाके घालायच्या आधी देतो! दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या कारागिरांनी मोबाईलवर दाखवलं, मोठ्या शहरात लोक म्हणे हे नशेसाठी घेतात. अगं, जिला जर्द्याच्या नुसत्या वासाने ओकारी येते, तिला मी हे द्यायचं? बाईंना जाऊन विचारलं तर म्हणाल्या, तुमचं अपेंडिक्स काढलं तेव्हा तुम्हालाही हेच दिलं असेल. म्हणजे मीही त्यातलाच निघालो!

पण खरा झटका काउंटरवर बसला. एका वेळचे साडेचार हजार. औषधाची बाटली म्हणे दोन-अडीचशेची, बाकीचे भुलीच्या डॉक्टरचे, मशीनचे आणि खाटेचे. मी ऐटीत सरकारी कार्ड पुढे केलं, तर तिथली गायत्री नावाची पोरगी गुजरातीत म्हणाली, "काका, अहीं आ कार्ड नहीं चाले." इथे ते चालतच नाही म्हणे. कारखान्याच्या विम्याला फोन लावला, तर रात्रभर भरती असाल तरच पैसे. म्हणजे माझी बायको तीन तासांत आपल्या पायांनी घरी येते, हा तिचा गुन्हा! मग मी डॉक्टरीणबाईंना काउंटरवर बोलावून आपल्या धंद्याच्या भाषेवर आलो. म्हटलं, बाई, आमच्याकडे मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते आणि माल डॅमेज निघाला तर कापून, तसं करा. ती पोरगी हसून हसून खुर्चीत आडवी झाली. बाई मात्र हसल्या नाहीत. सहांचे आगाऊ भरू नका, एकेका वेळचे द्या, एवढं त्यांनी कबूल केलं.

आता माझी अक्कल बघ. रिक्षाने सारखं जातायेताना बघून चाळ विचारायला लागली. बायकोला वेडी म्हणतील या भीतीने मी सांगून टाकलं, पित्ताशयात खडे आहेत. झालं! आपल्या गावकरी मंडळाच्या किसनभाऊंनी दोन दिवसांत अठरा हजारांची वर्गणी गोळा करून दारात आणून दिली. नको म्हणालो तर म्हणाले, मास्तर, संकोच कसला? चार वेळांचं भागलं. पण आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक आहे. खडे निघाले की बाटलीत घालून आल्यागेल्याला दाखवायचे. आता ज्याने शंभर दिले तोही दारात उभा राहून विचारतो, मास्तर, खडे कुठे? किसनभाऊंना तर रविवारच्या बैठकीत बाटली हातात धरून फोटो काढायचाय.

एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या वेळेनंतर रिक्षातून येताना उषा आपणहून म्हणाली, "मेल्यांनी रस्ता किती खोदून ठेवलाय!" दोन वर्षांतलं तिचं पहिलं भांडकुदळ वाक्य. मी रिक्षातच रडलो, रिक्षावाल्याने भाडं दहा रुपये कमी घेतलं. बाई म्हणतात, एवढ्यात नाचू नका, गुण उतरूही शकतो, गोळ्या चालूच ठेवा. मी मनातल्या मनात नाचतो.

दाजींना दंडवत, गाईच्या पाठीवर हात फिरव.
तुझा सुकदेव

ता. क. : मुख्य काम हेच. दाजींचे सात खडे टीव्हीशेजारी बाटलीत आहेत, ते रविवारच्या आत लोटूच्या हाती पाठव. मोजून परत करीन.

ता. क. दुसरा : लोटूची गाडी बंद पडली, पाकीट घरातच राहिलं आणि उषाने वाचलं. रविवारी बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, खडे नव्हतेच, मला जगणं नको झालं होतं, तुमच्या पैशांनी त्याचं औषध चाललंय, कोणाला परत हवे असतील तर सांगा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एकानेही पैसे मागितले नाहीत. संध्याकाळी चाळीतल्या तीन बायका एकेक करून मीठ मागायला आल्या, आणि तिघींनीही हळूच दवाखान्याचा पत्ता विचारला.

ता. क. तिसरा : अक्का, हे अक्षर माझं, उषाचं. यांनी सगळं लिहिलं, एक सोडून. सलाईनच्या दिवशी मला उपाशी राहावं लागतं, म्हणून हेही बाहेर बाकावर उपाशी बसतात. काल चौथ्या वेळी चक्कर येऊन पडले. माझ्या शेजारच्या खाटेवर यांनाही सलाईन लावली, त्याचे वेगळे सातशे घेतले. अजून दोन वेळा बाकी आहेत. बाटली राहू द्या, तुम्ही या. माझ्याजवळ बसायला कोणी नको, यांना जेवायला घालायला हवंय.