आईचा बसायचा दिवस

सातपूर, नाशिक
५ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस,
दिशाचा सा. न. वि. वि.

रिचार्ज परवडत नाही म्हणून तू फोन बंद केलास, तेव्हा मी रागावले होते. आता वाटतं, बरंच झालं. चंदरमामा झेंडूच्या टेम्पोतून चिठ्ठ्या फुकट आणतात-नेतात, आणि लिहिताना मला तुझ्याशी भांडता येत नाही.

मी बरी आहे, फक्त थकते. ऑफिसातून चालत येते, रिक्षाचे पैसे राहतात. भाजी बाजार उठताना घेते. डाळ उकळली की पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवते, ती आपोआप शिजते. खोलीतली मंजुषा विचारते, पातेल्याला ताप आलाय का.

आता कामाचं. जीवन आणि मी ठरवलंय, लग्न नोंदणी कचेरीत सह्या करून करायचं. हळद नाही, मांडव नाही, पंगत नाही. घरातली पहिली पदवीधर मी. सुधारणा माझ्यापासून सुरू व्हायला नको का? लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून पूजाची नर्सिंगची फी भरू. जीवनच्या घरचे तयार आहेत. तू फक्त हो म्हण.

दादांना नमस्कार. पूजाला आशीर्वाद देत नाही, ती उलटून बोलते. लोभ असावा, त्याला काही खर्च येत नाही.

तुझी,
दिशा

चांदवड, मळ्यातून
१२ फेब्रुवारी

चि. दिशास,
आईचे अ. उ. आ.

मी सांगते अन् पूजा लिहिते. जसं बोलते तसंच लिही म्हणलंय तिला, नायतर ती माझं भाषण करून टाकील.

मांडव नको, ठीक हाय. बँड नको, लयच ठीक, तुझ्या दादांचे कान वाचतील. पण हळद नको म्हणतेस तिथं मी अडले. अगं, आपल्या वस्तीवर ज्या घरी हळद, त्या घरच्या आईनं त्या दिवशी कामाला हात लावायचा नाय. तिला खुर्ची देतात, चहा हातात आणून देतात. बाकीच्या बाया राबतात. कमळाबाईच्या पोरींच्या हळदीला पुरण मीच वाटलं. नवसाबाईच्या लेकीच्या वेळी अंगात ताप होता, तरी चुलीपुढून उठले नाय. उपकार नाय केले कोणावर. मनात म्हणायचे, माझाबी नंबर लागेल.

तुझ्या सहीनं तो नंबरच जातो. पूजाची फी भर, पैशाचं मला काय नाय. पूजा म्हणते, माझ्या हळदीला बस की. तोवर ही शिकणार, नोकरी करणार, मग लग्नाला हो म्हणणार. माझे गुडघे थांबतील का?

मला एक दिवस बसायचं होतं.

ताई, हे वरचं वाक्य आईने सांगितलं आणि लगेच खोडायला लावलं. मी खोडलं नाही. अर्ध्या तिकिटात एसटी मिळते, तर एकदा येऊन जा. — पूजा

सातपूर, नाशिक
२० फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी जिन्यातच वाचली. आधी चिडले. चार बायकांनी राबायचं आणि एकीने बसायचं, हा कसला मान, असं वाटलं. मग भांडी घासली, अंथरुणावर टेकले आणि तू कधी बसली होतीस ते आठवू लागले. जेवतानाही तू कुणाला तरी भाकरी वाढायला अर्धी उठलेलीच असतेस. मला रविवार तरी आहे.

सह्या ठरल्याप्रमाणे करू. मांडव नाही, पत्रिका नाही. पण आदल्या दिवशी आपल्या पडवीत हळद करू. हळदीपुरता शिधा आपला, हात बायकांचे. फीला धक्का लागणार नाही, मी हिशेब घातलाय. माझी अट एकच: मिठाची चव बघायलासुद्धा तू उठायचं नाही.

जीवनला सांगितलं तर म्हणाला, सुधारणा अर्धीच झाली म्हणायची. मी म्हटलं, उरलेली तू कर, बायकांना पाणी भरून दे. तो येतो म्हणालाय. त्याला मोठा हंडा काढून ठेव. माझ्या हट्टासकट मला सांभाळून घे.

तुझी,
दिशा

नाशिक
१६ एप्रिल

ती. सौ. आईस,
दिशा आणि जीवनचा सा. न. वि. वि.

तुझा निरोप चंदरमामांनी जसाच्या तसा दिला: पोरीला हळद लागली अन् मला कोणी उठवलं नाय, शोभतं का हे! सगळ्या वस्तीसमोर घोरले म्हणे मी!

घोरलीस, खोटं का सांगू. सकाळी किती अवघडून बसली होतीस. हाताचं काय करावं तुला कळत नव्हतं, दोनदा पदराने खुर्चीच पुसलीस. पुरणात वेलची कमी पडली म्हणून ओरडलीस, पण उठली नाहीस. पाण्याचा हंडा आणणाऱ्या जावयाला सांडू नकोस म्हणालीस आणि तशीच मान टाकून झोपलीस.

मला हळद लावायची वेळ झाली तेव्हा कमळाबाई तुला हलवायला निघाल्या. नवसाबाईंनी त्यांचा हात धरला. सगळ्यांनी गाण्याचा आवाज उतरवला. मीच येऊन तुझ्या गालाला हळद लावली. तू माशी हाकलावी तसा हात फिरवलास आणि पुन्हा गाढ झोपलीस.

पूजाची फी भरली. आम्ही दोघं बरे आहोत.

आई, तुला आजारी पाहिलंय, वाकलेलं पाहिलंय. भर दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. खुशाल रागाव. पुन्हा तशीच वेळ आली, तरी मी उठवणार नाही.

राग ओसरला की लोभ असू दे.

तुझी,
दिशा